धनकोची दाद

दिलेले पैसे परत मागण्यात कमीपणा आहे, आणि ते परत मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढणे तर कुलीन माणसाला मुळीच शोभत नाही, ही समजूत महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, ज्याने पैसे बुडवले तो लग्नमुंजीत ताठ मानेने वावरतो आणि ज्याचे बुडाले तो मात्र, समोरासमोर गाठ पडली तर उगाच अवघड होईल म्हणून, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन घराघरांत वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो अनुभव खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु पैशाच्या व्यवहारात या उपदेशाचा लाभ कोणाला होतो, याचा विचार केला तर असे आढळेल की, तो धनकोला शहाणपण शिकवतो आणि ऋणकोला अभय देतो.

माझे मत याच्या अगदी उलट आहे. स्वतःच्या कष्टाचा, न्याय्य आणि प्रामाणिकपणे दिलेला पैसा परत मिळावा म्हणून जो मनुष्य दिवाणी न्यायालयात दावा दाखल करतो, तो नागरिक या नात्याने एक योग्य गोष्ट करत असतो. आणि अशा मनुष्याच्या हाती निकालाचा कागद देऊन, पुढचे तुझे तू पाहा, असे म्हणून जर शासनसंस्था मोकळी होत असेल, तर तिने आपल्या एका जुन्या आणि गंभीर कराराचा भंग केला असे म्हटले पाहिजे. हा करार कोणता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेशवाईच्या अखेरच्या काळात कर्जवसुलीचा मुख्य मार्ग तगादा हा होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली, पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे. धनको ऋणकोच्या दारात स्वतः ठाण मांडी किंवा पहारा बसवी, त्याला अन्नपाणी घेऊ देत नसे, आणि प्रकरण हातघाईवर आले म्हणजे त्याला एका पायावर उभे करण्यापर्यंत किंवा भर उन्हात डोक्यावर जड धोंडा देण्यापर्यंत मजल जाई. गावातील पंचायत होती, गोतसभा होती, मोठ्या प्रकरणी सरकारदरबारी दादही मागता येई, आणि सरकारच्या मदतीने कर्ज वसूल झाले तर त्यातील चौथा हिस्सा सरकारजमा होई. परंतु सामान्य व्यवहारात धनकोचे बळ हेच त्याचे न्यायालय होते; ज्याच्या अंगी ते बळ नव्हते, त्या विधवेला किंवा परागंदा भावाच्या पोरक्या मुलाला आपले पैसे मिळण्याची फारशी आशा नसे. १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनच्याच नावाने ओळखली गेलेली कायदेसंहिता आली, रीतसर अदालती स्थापन झाल्या, आणि हळूहळू तगाद्याचा हा सर्व जुलूम बेकायदेशीर ठरला. तो ठरला हे योग्यच झाले. परंतु त्या क्षणी राज्यसंस्थेने प्रजेशी असा करार केला की, तू आपल्या हाताने वसुली करू नकोस, ऋणकोच्या दारात बसू नकोस, त्याच्या अंगाला हात लावू नकोस. तुझे देणे खरे असल्याचे माझ्या न्यायाधीशापुढे सिद्ध कर, मग ते वसूल करून देणे हे माझे काम. या कराराचा पहिला अर्धा भाग राज्यसंस्थेने काटेकोरपणे पाळला आहे, आणि आजही कोणी गुंड पाठवून वसुली करू लागला तर त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल होतो व व्हावाच. दुसऱ्या अर्ध्या भागाची मात्र जी दैना झाली आहे, तिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

ही दैना का झाली याचे कारण केवळ न्यायाधीशांची अपुरी संख्या हे नाही. त्याची मुळे आपल्या इतिहासात आहेत, आणि तो इतिहास महाराष्ट्राचाच आहे. नव्या अदालतींचा पहिला मोठा लाभार्थी सावकार ठरला. त्याच्यापाशी कागद होता, वकील होता आणि वेळ होता. रयतेपाशी यांपैकी काहीच नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले, ते व्याज साचू नये आणि कुळाचे रक्षण व्हावे या सद्‌हेतूने; परंतु सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घ्यावा आणि निरक्षर कुळाने त्यावर अंगठा उठवावा असा परिपाठ पडला, व कुळाच्या रक्षणासाठी केलेले कलम चक्रवाढीचे यंत्र होऊन बसले. समन्स कुळापर्यंत पोहोचण्यापूर्वीच एकतर्फी हुकूमनामे होत, आणि हुकूमनाम्यामागोमाग जप्ती येई. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी रयत सावकारांच्या दुकानांवर चालून गेली आणि तिने मुख्यतः खतपत्रे व चोपड्या हस्तगत करून जाळल्या. ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्याचा राग नेमका कशावर होता, हे त्या जाळलेल्या कागदांवरून सरकारलाही उमगले. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पलीकडे जाऊन व्यवहाराचा उगमापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले, आणि गावपातळीवर तडजोडीची यंत्रणा उभी केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून कित्येक वर्षे गावोगाव काम केले, आणि शेतीच्या कर्जबाजारीपणाविषयीच्या त्यांच्या विचारांना त्या प्रत्यक्ष अनुभवाचे अधिष्ठान होते.

ही परंपरा उज्ज्वल आहे, आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही असे सांगणारा दामदुपटीचा प्राचीन नियम, मुंबई इलाख्याचा १९४६ चा सावकारी कायदा, त्याची जागा घेणारा २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतील साठावे कलम, ज्याने ऋणकोची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व राहते घर जप्तीतून वगळले, ही सगळी एकाच करुणेची अपत्ये आहेत. विदर्भ-मराठवाड्यात आजही खासगी सावकाराच्या पाशात सापडलेला शेतकरी आहे, आणि त्याला या कायद्यांच्या आधाराची गरज संपलेली नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्या काळात हे कायदे घडले त्या काळात धनको म्हटला की डोळ्यांपुढे सावकार उभा राहत असे, आणि ते चित्र आपल्या न्यायव्यवस्थेच्या मनातून अद्याप पुसले गेलेले नाही. वस्तुतः दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात आज बाकावर बसलेला धनको हा बहुधा सावकार नसतोच.

तो कोण असतो? भविष्यनिर्वाह निधीतून मिळालेली रक्कम, मित्राच्या मुलाला धंद्यासाठी हवी म्हणून, व्याजाचा विचारही मनात न आणता हातउसनी देणारा निवृत्त शिक्षक असतो. नवऱ्याच्या विम्याचे पैसे दिराच्या शब्दावर त्याच्या हवाली केलेली विधवा असते. कंत्राटदाराला खडी, वाळू किंवा सिमेंट उधारीवर पुरवणारा तालुक्याच्या गावचा लहान दुकानदार असतो; इमारत उभी राहून तिचे गाळे विकले गेले तरी शेवटचे बिल ज्याला मिळालेले नसते असा सुतारकामाचा ठेकेदार असतो. आणि समोरचा ऋणको पुष्कळदा अधिक धनवान, अधिक प्रतिष्ठित आणि वकिलाची फी सहज परवडणारा असतो. बलाबलाची तागडी अशी पुरती उलटी झाल्यावरही, कर्जाऊ पैसे देणारा तो पिळणारा आणि घेणारा तो पिळला जाणारा, हे समीकरण कायम राहते. प्रतिवादीच्या कैफियतीत आज सर्रास आढळणारा एक बचाव असा की, वादी हा विनापरवाना सावकारी करतो, सबब दावा खर्चासह काढून टाकावा. कायदा सावकारीच्या धंद्याविषयी बोलतो. आयुष्यात एकदा कोणा आप्ताला पैसे देणाऱ्याविषयी तो बोलत नाही. तरीही त्या निवृत्त शिक्षकाला उलटतपासात, तुम्ही आणखी कोणाकोणाला पैसे दिले, किती टक्क्यांनी दिले, असे प्रश्न भर कोर्टात ऐकून घ्यावे लागतात, आणि मदत केल्याबद्दल आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असे त्याला वाटू लागते.

अशा धनकोची पहिली हानी कोर्टात जाण्यापूर्वीच झालेली असते, आणि ती त्याच्या सौजन्याने केलेली असते. उसन्या पैशाच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो, हे १९६३ च्या मुदत कायद्याचे बंधन. आणि विशेष असे की, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा उपस्थित केला नाही तरी मुदतबाह्य दावा काढून टाकणे हे न्यायाधीशाचे कर्तव्यच आहे. मागणीची नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही, तोंडी वायद्याने वाढत नाही, दिवाळीला नक्की देतो या आश्वासनाने तर नाहीच नाही. ती नव्याने सुरू होते ती दोन गोष्टींनी: मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे मान्य करून त्याखाली सही केली तर, किंवा मुदतीतच त्याने काही अंशतः रक्कम दिली आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात वा सहीनिशी झाली तर. मुदत टळून गेल्यावरही देणे नष्ट होत नाही, फक्त दाद मागण्याचा मार्ग बंद होतो. म्हणूनच बाद झालेले कर्ज फेडण्याचे लेखी आणि सहीचे वचन ऋणकोने पुन्हा दिले तर ते १८७२ च्या करार कायद्याने बंधनकारक ठरते. हे नियम इतके साधे आहेत की शाळेत शिकवता यावेत. परंतु आपल्याकडे भिडेला जे अवास्तव महत्त्व आहे त्यामुळे, भावाकडून सहीचा कागद कसा मागायचा, या एका विचारापायी तीन वर्षे उलटून जातात, आणि चौथ्या वर्षी वकील फाइल मिटवून परत देतात. ज्याला आपण नातेसंबंध जपणे म्हणतो ते येथे बऱ्याच वेळा नाते आणि पैसा दोन्ही गमावणे ठरते. देताना दोन ओळींचा कागद करणारा मनुष्य संशयी नसतो. उद्या वाद होऊ नये एवढेच त्याला हवे असते, आणि ज्याला खरोखर परत करायचे असते त्याला त्या दोन ओळींचा राग येण्याचे कारण नाही.

कागदाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ प्रामाणिक दावे कागद असूनही पडतात. योग्य मुद्रांक नसलेली वचनचिठ्ठी पुराव्यात घेता येत नाही, आणि इतर दस्तऐवजांप्रमाणे दंड भरून तिचा हा दोष नंतर दूरही करता येत नाही. एका रुपयाच्या महसुली तिकिटाअभावी पाच लाखांचा आधार हातचा जातो. दुकानदाराची खतावणी कितीही नीटनेटकी असली तरी केवळ तिच्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, तिला पावती, माल पोहोचल्याची सही किंवा साक्ष यांची जोड लागते. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद पुराव्यात आणता येतो, मात्र त्यासोबत कायद्याने नेमलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलताना हे संदेश पुसले जातात आणि मग हळहळ तेवढी उरते. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि याच मनाईचा आधार घेऊन, रोखीने दिलेले कर्ज मुळात वसूलच करता येत नाही, असा बचाव गेली काही वर्षे होत होता. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हा बचाव नाकारला आणि मनाई मोडल्यास दंड होईल, पण त्यामुळे देणे अवैध ठरत नाही, असे स्पष्ट केले. तथापि बँकेच्या किंवा यूपीआयच्या मार्गाने दिलेला पैसा आपली साक्ष आपणच देतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दाव्याचे मार्ग अनेक आहेत. दावा लेखी करारावर किंवा वचनचिठ्ठीवर आधारलेला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सदतिसाव्या आदेशाखाली संक्षिप्त दावा करता येतो, ज्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. लहान उत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने पंचेचाळीस दिवसांत बिल मिळण्याचा आणि उशिराबद्दल बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्क दिला आहे. चेक न वठल्यास परक्राम्य संलेख कायद्याचे १३८ वे कलम आहे, जे १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस फेडीसाठी, आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. या कलमाकडे लोकांची एवढी रीघ का लागली? पैशाच्या दिवाणी वादासाठी माणसे फौजदारी न्यायालयात गर्दी करतात, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे आले की देशात अशी सुमारे ३५ लाख प्रकरणे तुंबली आहेत, याचा अर्थ एकच होतो. दिवाणी हुकूमनाम्यावर लोकांचा विश्वास राहिलेला नाही, तुरुंगाच्या भीतीवर मात्र थोडा आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते, ही सोय उत्तम आहे. परंतु हप्त्यांची तडजोड करून पहिले दोन हप्ते भरावे आणि मग स्वस्थ बसावे, असे करणारा ऋणको धनकोला अखेर त्याच दाराशी आणून सोडतो, ज्या दाराचे नाव दरखास्त.

दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज. दाव्यात पाच-सात वर्षे घालवून, मुद्दे निघून, साक्षीपुरावे होऊन, वाद्याच्या बाजूने निकाल लागला की त्याचे आप्तेष्ट पेढे मागतात. खरी परवड त्यानंतर सुरू होते, हे त्यांना ठाऊक नसते. प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच दरभंगा संस्थानाच्या एका प्रकरणात असा अभिप्राय नोंदवला होता की, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी त्याला हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात. दीडशे वर्षे उलटून गेली, स्वातंत्र्य आले, संहिता १९०८ साली नवी झाली आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त झाली, तरी हा अभिप्राय जुना झालेला नाही. कारण उघड आहे. ऋणकोची मालमत्ता कोणती आणि ती कोठे आहे, हे शोधून काढण्याचे ओझे आपल्या पद्धतीत प्रत्यक्षात धनकोवर पडते. गाडीचा क्रमांक, बँकेच्या खात्याचा तपशील, गट क्रमांक, सातबाऱ्याचा उतारा, हे सर्व त्यानेच जमवायचे. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर हुकूमनामा तिकडच्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो आणि तेथे नवा वकील, नवे वकीलपत्र, नव्या तारखा. बेलिफ गेला तर दार बंद. दार उघडे असेल तर घर बायकोच्या नावावर आणि दुकान मेहुण्याच्या. नाझराच्या दप्तरात जप्तीचे वॉरंट ‘मालमत्ता मिळून आली नाही’ या शेऱ्यासह परत येते, आणि मग कोणी तिऱ्हाईत उभा राहून ही वस्तू माझीच आहे अशी हरकत घेतो, तिची चौकशी हा एक स्वतंत्र दावाच होऊन बसतो. हुकूमनामा बारा वर्षांपर्यंत बजावता येतो. कित्येक धनको ही बारा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी निवर्ततात आणि दरखास्त त्यांच्या वारसांच्या नावे पुढे चालते.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकालात काढण्याचा दंडक घातला. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांकडून तुंबलेल्या दरखास्तींची माहिती मागवली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जे आकडे समोर आले त्यांनुसार देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या. त्यांत सर्वाधिक, तीन लाखांहून अधिक, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील होत्या. या सर्व दरखास्ती पैशाच्याच आहेत असे नाही, जमिनीच्या ताब्याच्याही त्यांत आहेत. परंतु रानड्यांच्या प्रांतात, ज्या प्रांताने कर्जविषयक न्यायाचा सर्वांत सूक्ष्म विचार या देशाला दिला, निकाल लागलेली परंतु अमलात न आलेली प्रकरणे सर्वाधिक असावीत, ही गोष्ट मनाला फार लागते. प्रत्येक दरखास्तीमागे असा एक मनुष्य आहे, ज्याचे म्हणणे खरे आहे हे राज्याच्या न्यायाधीशाने सहीशिक्क्यानिशी मान्य केले आहे आणि तरीही ज्याला काहीही मिळालेले नाही.

येथे कोणी म्हणेल की, कठोर बजावणीची मागणी करणे म्हणजे गरिबाला पुन्हा तुरुंगात घालण्याची मागणी करणे होय. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात दिलेला निकाल मला ठाऊक आहे आणि मी त्याचा मनोमन पुरस्कर्ता आहे: केवळ दारिद्र्यामुळे कर्ज न फेडणाऱ्याला दिवाणी कैदेत टाकणे हा मानवी प्रतिष्ठेचा अवमान आहे, कैद व्हावी ती ऐपत असूनही अप्रामाणिकपणे टाळणाऱ्याला. या निकालाने फेडू न शकणारा आणि फेडू न इच्छिणारा असे दोन वर्ग स्पष्ट वेगळे केले. दुर्दैव असे की, पहिल्यासाठी निर्माण झालेले सर्व संरक्षण व्यवहारात दुसऱ्याच्या उपयोगी पडते, कारण हा दोघांमधला भेद करण्यासाठी जी माहिती लागते ती न्यायालयापुढे कधी येतच नाही. खरा गरीब ऋणको आपली स्थिती लपवत नाही. त्याच्यापाशी लपवण्यासारखे काही नसते. बुडव्याचे सारे कसब लपवण्यात असते.

आणि ही माहिती आणण्याचे साधन कायद्यात नाही असेही नाही. संहितेच्या एकविसाव्या आदेशातील एकेचाळिसावा नियम असे सांगतो की, पैशाचा हुकूमनामा तीस दिवस अतृप्त राहिला तर, धनकोच्या अर्जावरून, ऋणकोने आपल्या मालमत्तेचे विवरण शपथेवर द्यावे असा आदेश न्यायालय देऊ शकते, आणि तो न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ही तरतूद अर्ज केला तर, आणि न्यायालयाला वाटले तर, अशा दोन अटींमध्ये अडकलेली आहे. तालुक्याच्या न्यायालयात दिवसाचा बोर्ड शंभर प्रकरणांचा असताना हा अर्ज कधी तारखांमध्ये हरवतो, तर कधी ऋणकोच्या वकिलाने दिलेल्या पुरसिशीवर, म्हणजे लेखी निवेदनावर, लांबणीवर पडतो. निकालानंतर तीस दिवसांत रक्कम भरली नाही तर ऋणकोने, कोणी अर्ज करो वा न करो, आपली स्थावर व जंगम मालमत्ता, बँकेची खाती, गेल्या दोन वर्षांत पत्नी-मुले किंवा अन्य आप्त यांच्या नावे केलेली हस्तांतरणे, यांचे प्रतिज्ञापत्र दाखल केलेच पाहिजे, असे बंधन का नसावे? जो खरोखर निर्धन आहे त्याचे दारिद्र्य अशा प्रतिज्ञापत्राने एकदाचे अधिकृतपणे नोंदले जाईल, आणि त्याच्यामागचा ससेमिरा थांबेल. हप्ते बांधून देता येतील, प्रसंगी धनकोही दोन पावले मागे येईल. जो लबाड आहे त्याचे खोटे विधान मात्र त्याच्याविरुद्धचा स्वतंत्र पुरावा ठरेल.

व्याजाचाही विचार झाला पाहिजे, आणि तो फार कोणी करताना दिसत नाही. व्यापारी व्यवहार नसेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून पुढे न्यायालयाला वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक व्याज देता येत नाही, असे संहितेचे चौतिसावे कलम सांगते. बाजारात कर्ज यापेक्षा पुष्कळ चढ्या दराने मिळत असताना, फेड लांबवणाऱ्या ऋणकोला बजावणी टाळण्याचे प्रत्येक वर्ष म्हणजे स्वस्त कर्जाचे आणखी एक वर्ष मिळते. ऐपत असूनही टाळणाऱ्यासाठी हा दर बँकेच्या चालू कर्जदराशी जोडला, आणि दामदुपटीची मर्यादा गरजू शेतकरी व कारागीर यांच्यासाठी जशीच्या तशी ठेवली, तर परंपरेला धक्का न लावता अन्याय दूर होऊ शकेल. यासाठी संसदेकडे जावे लागेल, आणि ते काम वेळ घेईल.

प्रतिज्ञापत्राचे मात्र तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीतील नियम आपापल्या प्रदेशापुरते बदलण्याचा अधिकार १२२ व्या कलमाने उच्च न्यायालयांना दिलेला आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो पूर्वी अनेक प्रसंगी वापरलेला आहे. एकेचाळिसाव्या नियमातील ‘अर्जावरून’ हा शब्द काढून त्या जागी ऋणकोवर थेट बंधन घालणारी दुरुस्ती, आणि त्यासोबत प्रत्येक जिल्हा न्यायालयाने किती दरखास्तींत प्रत्यक्ष रक्कम धनकोच्या हाती पडली याचे त्रैमासिक विवरणपत्र जाहीर करण्याचा दंडक, या दोन गोष्टींसाठी विधिमंडळाची संमती लागणार नाही, तिजोरीतून मोठा खर्च होणार नाही, आणि एकाही न्यायाधीशाची नवी नेमणूक व्हावी लागणार नाही.